विश्लेषण : अमेरिकेत उमेदवारीच्या शर्यतीतील सुरुवातीचे कौल किती खरे ठरतात?

अमेरिकेत अध्यक्षपदाची पुढील निवडणूक नोव्हेंबर २०२८ मध्ये होणार आहे. मात्र डेमोक्रॅटिक आणि रिपब्लिकन पक्षांची उमेदवारी कोणाला मिळेल, याच्या देशव्यापी जनमत चाचण्या आधीच सुरू झाल्या आहेत. मतदानाला इतका अवधी असताना या आकड्यांवर किती विश्वास ठेवायचा?

प्रायमरी म्हणजे काय?
आपल्याकडे उमेदवार पक्षश्रेष्ठी ठरवतात. अमेरिकेत हे काम मतदारांकडे असते. निवडणुकीच्या वर्षात जानेवारी-फेब्रुवारीपासून जूनपर्यंत राज्याराज्यांत प्रायमरी किंवा कॉकस होतात. त्यातून पक्ष अधिवेशनासाठी प्रतिनिधी निवडले जातात. निम्म्याहून अधिक प्रतिनिधी मिळवणाऱ्याला उमेदवारी मिळते. मतदारांना एवढे महत्त्व देणारी ही पद्धत १९७२ पासून रूढ झाली.

कौल कधी चुकले?
सर्वात ठळक उदाहरण २००७ चे. त्या वर्षी डेमोक्रॅटिक पक्षात हिलरी क्लिंटन, तर रिपब्लिकन पक्षात न्यूयॉर्कचे माजी महापौर रुडी जुलियानी बहुतांश काळ आघाडीवर होते. उमेदवारी मिळाली ती बराक ओबामा आणि जॉन मॅकेन यांना. जुलियानी यांना एकही राज्य जिंकता आले नाही. २००३ मध्ये आधी जो लिबरमन आणि वर्षअखेरीस हॉवर्ड डीन पुढे होते. उमेदवार ठरले जॉन केरी. १९७६ चे विजेते जिमी कार्टर तर वर्षभर आधी चाचण्यांत जेमतेम दिसत होते.

आणि बरोबर कधी ठरले?
१९९५ मध्ये बॉब डोल, १९९९ मध्ये जॉर्ज डब्ल्यू. बुश आणि अल गोर, २०१५ मध्ये हिलरी क्लिंटन, २०२३ मध्ये डोनाल्ड ट्रम्प हे आघाडीवर होते आणि त्यांनाच उमेदवारी मिळाली. म्हणजे चाचण्या निरर्थक नाहीत. आघाडी मोठी आणि दीर्घकाळ टिकणारी असेल, तर शक्यता वाढते. तरीही २००७ मधील हिलरी यांची आघाडी मोठीच होती, हे विसरून चालत नाही.

अंदाज का फसतात?
पहिले कारण, नावाची ओळख. मतदारांनी सर्व इच्छुकांचा विचार केलेला नसतो, त्यामुळे ऐकलेल्या नावाला पसंती मिळते. दुसरे कारण, मतदान देशभर एकाच दिवशी होत नाही. ३ जानेवारी २००८ रोजी आयोवात ओबामा जिंकले आणि ते खरोखर जिंकू शकतात, याची अनेकांना खात्री पटली. २०२० मध्ये जो बायडेन आयोवात चौथे, न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे आले आणि देशव्यापी चाचण्यांत बर्नी सँडर्स पुढे गेले. पण २९ फेब्रुवारीला साउथ कॅरोलायना जिंकताच चित्र पालटले. प्रतिस्पर्ध्यांनी माघार घेतली आणि तीनच दिवसांनी, ३ मार्चच्या 'सुपर ट्यूसडे'ला बायडेन यांनी मुसंडी मारली.

मग या चाचण्यांना महत्त्व का?
कारण त्यांचा परिणाम शर्यतीवरच होतो. ऑगस्ट २०१५ मधील पहिल्या रिपब्लिकन वादचर्चेत १७ पैकी १० इच्छुकांनाच मुख्य मंचावर स्थान मिळाले आणि निकष होता देशव्यापी चाचण्यांची सरासरी. मागे पडलेल्याला प्रसिद्धी कमी मिळते, देणगीदार हात आखडता घेतात. पहिले मत पडण्याआधीच काहींना माघार घ्यावी लागते. कमला हॅरिस यांनी डिसेंबर २०१९ मध्येच शर्यत सोडली होती.

आकडे कसे वाचावेत?
एका चाचणीपेक्षा अनेक चाचण्यांची सरासरी पाहावी. 'अद्याप ठरवलेले नाही' म्हणणारे किती, हे तपासावे. कमी परिचित असूनही बऱ्यापैकी पसंती मिळवणाऱ्याकडे लक्ष ठेवावे, पण अल्पकालीन उसळीने हुरळून जाऊ नये. २०२३ च्या उन्हाळ्यात विवेक रामस्वामी यांचे आकडे वाढले होते. जानेवारी २०२४ मध्ये आयोवात ते चौथे आले आणि त्याच रात्री त्यांनी माघार घेतली. मतदान जवळ आले, की सर्वप्रथम मतदान होणाऱ्या राज्यांतील चाचण्या देशव्यापी आकड्यांपेक्षा अधिक बोलक्या ठरतात.