पसरली तर चटई, ओढली तर पिशवी

मागच्या वर्षी बैठकीत आमच्या गटातल्या एका ताईने विचारलं, "कापडी पिशव्या सगळेच गट शिवतात. आपलीच कोणी का घ्यावी?" प्रश्न खरा होता. 2018 मध्ये राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तेव्हापासून कुठलंही प्रदर्शन बघा, कापडी पिशव्यांचा ढीग. आमच्या पिशव्या पडून होत्या आणि कर्जाचा हप्ता काही थांबत नव्हता. त्या प्रश्नातून आम्ही एक गोल कापड शिवायला लागलो. पसरलं की चटई, नाडी ओढली की पिशवी. ते कसं करायचं, ते आज सांगते.

एका कापडाची चार कामं आपल्याला नवीन नाहीत. लुगड्याचा पदर डोक्यावरही असतो आणि भाजी खुडताना त्याचीच ओटी होते. जुन्या साडीची बाळाला झोळी होते, मग गोधडी होते. जपानमध्येही चौकोनी कापडाला गाठी मारून सामान नेतात, त्याला फुरोशिकी म्हणतात. आपल्या गाठोड्याचीच बहीण म्हणा.

पण गाठोडं सोडायला आणि बांधायला वेळ लागतो. बोईसर स्टेशनबाहेर भाजी विकणाऱ्या बाईला गाडीची वेळ झाली की पटकन उठायचं असतं. पटकन उघडणारं आणि पटकन मिटणारं काय असतं, असा विचार करताना फूल आठवलं. कापडावर फूल छापायचं, एवढाच त्याचा उपयोग नाही. फूल मिटतं कसं, ते शिकायचं.

केळव्याच्या किनाऱ्यावर वाळूत मर्यादवेल पसरलेली असते. तिचं जांभळं फूल सकाळी उमलतं आणि ऊन चढलं की मिटायला लागतं. तिची कळी हातात घेऊन बघा. मिटलेल्या छत्रीसारखी पीळ दिलेली असते. उमललेल्या फुलात मधून कडेपर्यंत पाच जाड पट्टे दिसतात आणि पट्ट्यांमधला भाग अगदी पातळ. घडी त्या पातळ भागात पडते. छत्रीच्या काड्या आणि कापड यांचं नातं असतं ना, तसंच.

यातून तीन गोष्टी मिळाल्या. एक, सगळं कापड कडक करायचं नाही. काही रेषा जाड ठेवायच्या, बाकी मऊ. दोन, सगळ्या पाकळ्या एकाच देठाला असतात, म्हणून वजन मध्यावर येतं आणि मधला तळ भक्कम हवा. तीन, फूल मिटताना त्याचा कुठलाही भाग सुटा होत नाही. आपल्या वस्तूतही हरवेल असं सुटं काही नको.

आता शिवण. जाड सुती कापडाचे 40 इंची दोन चौकोन घ्या, एक बाहेरचा, एक अस्तराचा. चौकोनाची चौपदरी घडी घाला. मधल्या टोकावर दोरी धरून 20 इंचावर खडूने गोलाई मारा आणि कापा. मग आणखी एक घडी घाला, म्हणजे आठ पदर होतील. आता कडेला एकदाच पाकळीसारखी गोलाई कापा, खाच दीड इंचाहून खोल नको. घडी उघडली की आठ पाकळ्या तयार.

अस्तराच्या उलट्या बाजूला मध्यभागी 10 इंचाचा गोल तुकडा शिवा, तो तळ. तळापासून पाकळ्यांच्या मध्याकडे आठ सुती पट्ट्या लावा. त्या कडेच्या साडेचार इंच अलीकडे थांबवा. बाहेरच्या कापडावर कडेपासून चार इंचावर समोरासमोर दोन काजं करून घ्या. हे आधीच करायचं, नंतर जमत नाही.

दोन्ही कापडं सुलट्या बाजू आत ठेवून कडेने शिवा, हात जाईल एवढी जागा सोडा. खाचांमध्ये कात्रीने छोटे काप द्या, टिपेला लागू न देता. उलटवून जागा बंद करा. मग काज मध्ये येईल असा एक इंचाचा नेफा मारा. दोन नाड्या घ्या, प्रत्येकी 120 इंच. एक नाडी एका काजातून घालून पूर्ण फिरवून त्याच काजातून बाहेर काढा आणि गाठ मारा. दुसरी समोरच्या काजातून तशीच. दोन्ही बाजूंनी ओढलं की फूल मिटतं आणि लांब नाड्या खांद्यावर घेता येतात.

आमची चूकही सांगते. पहिल्या खेपेला बाहेरून कोरं सुती कापड आणि आतून कृत्रिम धाग्याचं अस्तर लावलं. घाई होती, म्हणून कापड धुतलं नाही. पहिल्या धुण्यात सुती कापड आटलं, अस्तर तसंच राहिलं आणि चटईची परडी झाली. एका दुकानाने सगळा माल परत केला. चूक आमचीच होती. तारापूरच्या कारखान्यांकडचा कटपीस मिळाला तर जरूर घ्या, पण दोन्ही कापडं एका जातीची घ्या आणि कापण्याआधी धुऊन वाळवा.

वारली चित्र काढणार असाल तर तारपा नाचाचा फेरा गोल कापडावर छान बसतो. पण तो मध्ये काढू नका, तिथे तळ येतो. तळ आणि नेफा यांच्यामधल्या पट्ट्यात काढा आणि माणसांची डोकी कडेकडे ठेवा. पिशवी मिटली की ती उभी दिसतील. आम्ही पहिल्यांदा उलटी काढली होती, सगळे डोक्यावर नाचत होते!

दोन गोष्टी विसरू नका. तान्ह्या मुलाला या चटईवर ठेवायचं असेल तर नाड्या काढूनच ठेवा. गळ्यात अडकण्याचा धोका असतो. आणि किंमत ठरवताना नाडी मोजा. दोन नाड्या मिळून सहा मीटरच्या वर जातात. आम्ही पहिल्यांदा तो खर्च धरलाच नव्हता आणि कातायला लागणारा वेळही नाही. कापड, नाडी, दोरा, वीज, प्रवास आणि प्रत्येकीचे तास वहीत लिहा, मगच भाव सांगा.

विकताना वस्तू टेबलावर घडी करून ठेवू नका. गिऱ्हाइकासमोर पसरा, चार कांदे-बटाटे ठेवा आणि नाडी तिच्याच हातात द्या. तिने स्वतः ओढली की आपल्याला फार बोलावं लागत नाही.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने एक कळी आणा. जास्वंद, मोगरा, गोकर्ण, काहीही. हळूच उघडून बघा, घडी कुठे आहे. कुणास ठाऊक, तुमच्या गटाची वस्तू तिच्यातच असेल.