तोलाची नस कापली तर पुन्हा जुळते का?



कानाचे ऑपरेशन झालेला माणूस घरी आला आणि भिंत धरून चालू लागला, उलट्या करू लागला, की वस्तीत कुजबुज सुरू होते: बाहेरचे काही लागले असेल. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या आपण तरी अशा वेळी भगताकडे धाव घेऊ नये. कारण कानातच आहे.

कान केवळ ऐकत नाही. डोके कुठे वळले, शरीर कुठे कलले, ही खबर आतल्या कानातून दोन्ही बाजूंच्या तोलाच्या नसा मेंदूला सतत देतात. या नसेवर गाठ झाली तर ती काढताना नस बहुधा कापावी लागते. वर्षानुवर्षे वाहणाऱ्या कानाने हाड खाल्ले असेल, तर त्याच्या ऑपरेशनमध्येही क्वचित आतल्या कानाला इजा होते. एका बाजूची खबर बंद पडली, की दोन्हींचा मेळ बसत नाही आणि सारे गरगर फिरू लागते.

ही नस पुन्हा वाढते का? बेडकात वाढते. कापलेली नस मेंदूपर्यंत पोहोचून बेडकाचा तोल सुधारतो, हे अमेरिकेच्या रॉजर स्पेरी यांनी १९४५ मध्ये दाखवले. आपण सस्तन प्राणी. आपल्या हातापायाची तुटलेली नस टाके घालून जोडली तर हळूहळू वाढू शकते. पण मेंदूत शिरताना नव्या तंतूंना वाट मिळत नाही. म्हणून तोलाची कापलेली नस जुळून पूर्ववत काम करील, अशी आशा आज धरता येत नाही.

तरी माणसे पुन्हा चालतात, कारण मेंदू शिकतो. चांगली बाजू, डोळे आणि तळपाय यांच्या खबरीवर तो नवा मेळ बसवतो. फ्रान्समधील मार्सेय येथील संशोधकांनी एका बाजूची ही नस कापलेल्या मांजरांचा अभ्यास केला. त्यांच्या मेंदूत तोल सांभाळणाऱ्या जागी नव्या चेतापेशी तयार झाल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झाले.

पण झोपून राहिल्याने मेंदू शिकत नाही. १९४० च्या दशकात ब्रिटनमध्ये कॉथॉर्न आणि कुक्सी या डॉक्टरांनी यासाठी व्यायाम तयार केले. ते आजही वापरतात. डॉक्टरांनी परवानगी दिली, की हे करावे:

• अंगठा समोर धरून त्यावर नजर ठेवावी. डोके हळूहळू डावी-उजवीकडे वळवावे.
• भिंतीजवळ पाय जुळवून उभे राहावे.
• कुणाला सोबत घेऊन रोज विहारापर्यंत चालावे.

सुरुवातीला थोडी चक्कर येईलच. तेवढ्याने सोडू नये. चक्करेच्या गोळ्या महिनोन् महिने घेतल्या तर हे शिकणे मंदावते, म्हणून त्या कधी थांबवायच्या ते डॉक्टरांना विचारावे. तोल नीट येईपर्यंत विहीर, शिडी, मोटारसायकल टाळावी. रात्री दिवा लावूनच उठावे. कापूस वेचणीला जाण्याची घाई करू नये. घरच्यांनीही 'आळशी झाला' म्हणू नये.

ताप, मान आखडणे, तोंड वाकडे होणे, कानातून किंवा नाकातून पाणी गळणे, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही दिसले तर लगेच दवाखाना गाठावा. १०८ वर फोन करावा.

आणि कान वाहत असेल तर गरम तेल ओतू नका. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात कान-नाक-घसा विभागात वेळीच दाखवा. हाड खाल्ले जाण्याआधी उपचार झाले तर तोलाची नस बहुधा सुरक्षित राहते.