हीटरला फक्त स्वतःभोवतीचं पाणी कळतं

थंडीत पुणे-नाशिककडे रात्रीचा पारा दहा-बारा अंशांवर आला की फिशटँकवाल्यांच्या दुकानात हीटर खपू लागतात, आणि आठवड्याभरात त्यांच्या तक्रारीही येतात. गोल्डफिशला हीटर लागत नाही. पण एंजल, टेट्रा, फायटर हे उष्ण प्रदेशांतले मासे. त्यांना साधारण २५ ते २७ अंशांचं पाणी हवं. माशाच्या अंगाचं तापमान पाण्याबरोबर उतरतं. मग पचन मंदावतं, रोगाशी झुंजण्याची ताकद घटते आणि अंगावर पांढरे ठिपके दिसू लागतात.

पहिली तक्रार ठरलेली : ‘तासभर हीटरचा दिवा पेटलाय, पाणी गारच!’ इथे थोडं गणित करावं. ६० लिटर पाणी एका अंशाने तापवायला सुमारे अडीच लाख जूल ऊर्जा लागते. १०० वॉटचा हीटर सेकंदाला १०० जूल देतो. म्हणजे एका अंशाला किमान चाळीस मिनिटं, आणि काचेतून जाणारी उष्णता वेगळीच. वीस अंशांचं पाणी पंचविसावर न्यायला अर्धा दिवसही लागू शकतो. बिघाड कसला, घाई आपली.

दुसरी तक्रार जास्त मजेची. दिवा विझलेला, हीटरजवळचं पाणी कोमट आणि पलीकडचा कोपरा गार. हीटरमधल्या थर्मोस्टॅटला फक्त नळीभोवतीचं पाणी कळतं. ते तापलं की त्याच्या दृष्टीने काम संपलं. त्यात तापलेलं पाणी हलकं होऊन वर जातं, म्हणून उभा लावलेला हीटर वरच्या थरातच ऊब साठवतो आणि तळाशी गारठा राहतो. यावर नवा, मोठ्या वॉटचा हीटर आणणं हा दुकानदाराच्या फायद्याचा उपाय. खरा उपाय म्हणजे जागा बदलणं : फिल्टरचं पाणी जिथून बाहेर पडतं त्या धारेजवळ आणि तळाच्या थोडं वर. पूर्ण बुडवण्याजोगा हीटर असेल आणि कंपनीने मुभा दिली असेल, तर आडवा लावलेला उत्तम. खडीत मात्र पुरू नये. तिथे उष्णता कोंडते आणि काच तडकते. थर्मामीटर हीटरपासून सर्वांत लांबच्या कोपऱ्यात चिकटवावा. हीटरवरच्या आकड्यापेक्षा त्याचं ऐकावं. त्या आकड्यात एक-दोन अंशांचा फरक असणं नेहमीचंच.

बोअरचं पाणी वापरणाऱ्यांच्या हीटरवर क्षारांचा पांढरा थर बसतो आणि पाण्याला उष्णता पोचायला वेळ लागतो. हीटर बाहेर काढून, गार करून, काचेचा भाग व्हिनेगरमध्ये भिजवला की थर सुटतो. नळीच्या आतून वाफ धरलेली दिसली, तर मात्र दुरुस्तीच्या फंदात पडू नये. सील गेलंय, हीटर टाकून द्यायचा.

सगळ्यात वाईट बिघाड उलट दिशेचा. साध्या थर्मोस्टॅटमध्ये दोन धातूंची जोडपट्टी असते. दोन्ही धातू कमी-जास्त प्रसरण पावतात, पट्टी वाकते आणि विजेचा जोड तुटतो. दर वेळी तिथे बारीक ठिणगी उडते. वर्षानुवर्षांच्या ठिणग्यांनी जोड कधी तरी चिकटून बसतो आणि हीटर बंदच होत नाही. २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८.२ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३२ अंशांना ७.३. नेमकी त्याच वेळी माशांची प्राणवायूची गरज वाढते. मासे पृष्ठभागाशी तोंड काढून धापा टाकू लागले, की प्लग काढा, एअर पंप लावा आणि पाणी आपोआप निवू द्या. बर्फ ओतू नका. जोड चिकटण्याच्या या भीतीपोटीच १०० वॉटच्या एका हीटरऐवजी ५० वॉटचे दोन घ्यावेत. एक चिकटला तरी तो एकटा टाकी उकडवायला कमी पडतो, आणि एक बंद पडला तर दुसरा निभावून नेतो.

पाणी बदलताना आधी प्लग काढा, पंधरा मिनिटं थांबा, मगच पाणी उपसा. गरम काच उघडी पडून तिच्यावर गार पाणी पडलं की ती फुटते. वायर सॉकेटच्या खाली झोल देऊन वर न्या, म्हणजे ओघळणारं पाणी सॉकेटात न जाता खाली टपकेल. आणि त्या सॉकेटच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल, तर हीटरच्या आधी तो बसवून घ्या.