घरगुती संगणकजाळ्यासाठी केबलची निवड

घरातील दोन-चार संगणक परस्परांस जोडावयाचे झाल्यास केबल कोणती घ्यावी, हा प्रश्न वरकरणी बाजारहाटाचा वाटतो. वस्तुतः तो पदार्थविज्ञानाचा आहे. शिवाय यंत्र सहज बदलता येते. भिंतीत गाडलेली केबल बदलावयाची तर बहुधा भिंतच फोडावी लागते.

इथरनेट केबलमध्ये तांब्याच्या तारांच्या चार जोड्या असतात व प्रत्येक जोडीस पीळ दिलेला असतो. या युक्तीचे पेटंट अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८८१ मध्ये घेतले. बाहेरील विद्युत्क्षोभ पिळाच्या दोन्ही तारांवर जवळजवळ सारखाच उमटतो. ग्राहक यंत्र दोहोंतील फरक तेवढाच वाचते, आणि क्षोभ वजा होतो. केबलची गुणवत्ता म्हणजे मुख्यतः या समतोलाची गुणवत्ता होय.

‘कॅट-५ई’ केबल १०० मेगाहर्ट्झपर्यंत प्रमाणित असून सेकंदास १ गिगाबिट माहिती १०० मीटरपर्यंत वाहून नेते. ‘कॅट-६’ची मर्यादा २५० मेगाहर्ट्झ, अनुकूल परिस्थितीत ती ५५ मीटरपर्यंत १० गिगाबिटही नेते. ‘कॅट-६ए’ हाच वेग १०० मीटरपर्यंत राखते. घरातील अंतरे बहुधा ३० मीटरांच्या आतच असतात. यास्तव नव्या कामास ‘कॅट-६’ पुरेशी आहे. पूर्वीची सुस्थितीतील ‘कॅट-५ई’ उखडण्याचेही कारण नाही.

तथापि वेष्टनावरील आकडा सर्वस्वी विश्वसनीय नसतो. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची केबलही त्याच आकड्याने विकली जाते. प्रमाणित केबलीस मात्र शुद्ध तांबेच लागते. उच्च कंप्रतेचा प्रवाह तारेच्या पृष्ठभागाजवळून वाहत असल्याने तिचे वैगुण्य प्रथमतः लक्षात येत नाही. परंतु त्याच केबलीतून कॅमेऱ्यास वीजही पुरवावयाची असल्यास एकदिश प्रवाह तारेच्या संपूर्ण छेदातून वाहतो, आणि ॲल्युमिनियमचा विशिष्ट रोध तांब्याच्या दीडपटीहून अधिक असल्याने तार अधिक तापते व यंत्रापर्यंत पोहोचणारा विद्युद्दाब घटतो. शिवाय अशी तार वाकविताना लवकर तुटते.

भिंतीत एकसंध तारेची केबल घालावी. यंत्राजवळच्या हलत्या जोडणीस बहुतंतू तारेची वापरावी. टोके जोडताना पीळ १३ मिलिमीटरांहून अधिक उलगडू नये. अन्यथा उत्तम केबलीचा समतोलही तेथेच ढळतो. सारांश, शुद्ध तांब्याची आणि काळजीपूर्वक जोडलेली ‘कॅट-५ई’ ही मुलाम्याच्या ‘कॅट-६’हून केव्हाही श्रेयस्कर होय.