राक्षसाला सगळं माफ, माणसाला नाही

गॉडझिला उभा राहिला तर त्याच्या मांडीचं हाड मोडेल. हे साधं गणित आहे. एखाद्या प्राण्याची उंची दहापट केली, की त्याच्या हाडाच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ शंभरपट होतं, पण वजन हजारपट वाढतं. म्हणजे हाडाच्या प्रत्येक चौरस इंचावर दहापट ओझं. जे. बी. एस. हाल्डेन या शास्त्रज्ञाने १९२६ सालच्या एका निबंधात गोष्टींतल्या राक्षसांना हाच हिशेब लावला. माणसाच्या मांडीचं हाड साधारण दहापट ओझ्याला मोडतं, त्यामुळे ते राक्षस पहिल्या पावलालाच कोसळले असते, हे त्यांनी दाखवलं. १९५४ च्या पहिल्या जपानी चित्रपटातला गॉडझिला ५० मीटर उंच होता. २०१४ च्या हॉलिवूडपटात तो शंभर मीटरच्याही वर गेला. गणित आणखी बिघडलं, प्रेक्षकांचं प्रेम मात्र आटलं नाही.

मग अशा अवाढव्य खर्चाच्या चित्रपटांत गोष्टीला पडलेली भोकं मोजायची तरी का? ‘लॉजिक घरी ठेवून या’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. उलट प्रत्येक दृश्य थांबवून चुका काढणारेही भेटतात. मला दोघांचंही म्हणणं पटत नाही. गोष्टीतली काही भोकं प्रेक्षक स्वतः बुजवतो आणि काही भोकांतून तो गोष्टीबाहेर पडतो. हा फरक मी पडद्याकडे बघून शिकलो नाही. मी शिकलो पब्लिककडे बघून.

मी डोंबिवलीचा. कल्याणच्या एका एकपडदा थिएटरात बरीच वर्षं ऑपरेटर होतो. थिएटर डिजिटल झाल्यावर ठाण्याच्या मल्टिप्लेक्समध्ये तांत्रिक काम केलं. ऑपरेटरच्या केबिनला भिंतीत छोट्या चौकोनी खिडक्या असतात. एकीतून मशीनचा झोत बाहेर पडतो, दुसरीतून ऑपरेटर बघतो. ३५ मिलिमीटरच्या मोठ्या रिळाला वीसेक मिनिटं लागायची. रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक ठिपका चमकायचा, मग दुसऱ्या मशीनवर चेंजओव्हर. दोन ठिपक्यांच्या मधला वेळ आमचा. चित्रपट पाठ झालेला असायचा, म्हणून आम्ही सभागृह बघायचो. गोष्टीने धरून ठेवलं असेल तर खुर्च्या गप्प असतात. पकड सुटली की खोकले सुरू होतात, स्टॉलमध्ये कुजबुज वाढते, बाहेर जाणाऱ्यांमुळे दाराच्या फटीतून उजेड आत येतो. हे सगळं ठरावीक जागी होतं. मॅटिनीला जिथे पब्लिक हलली, तिथेच ती रात्रीच्या खेळालाही हलते.

प्रिंट जुनी झाली की फिल्म तुटायची. तुटलेला तुकडा कापून उरलेलं जोडायचं, हेही आमचंच काम. म्हणजे गोष्टीत खरोखरीची भोकं पडायची. कुणी घरातून निघालेला थेट जंगलात दिसायचा, मधला प्रवास गायब. कुणी तक्रार करत नसे. त्या माणसाला जंगलात का जायचंय हे ठाऊक असलं, की मधला रस्ता लोक मनातच चालून येत. पण जिथे तो ‘का’च कापला जाई, तिथे पुढची सगळी मारामारी लोक परक्यासारखी बघत.

‘जुरासिक पार्क’ १९९४ साली हिंदीत डब होऊन आला. इंग्रजी चित्रपटाकडे कधी न फिरकलेली कुटुंबंच्या कुटुंबं डायनोसॉर बघायला आली. त्यात एक प्रसिद्ध गफलत आहे. टी-रेक्स कुंपण तोडून सरळ रस्त्यावर येतो, म्हणजे आतली जमीन रस्त्याच्या पातळीला असणार. थोड्याच वेळात तो गाडी ढकलतो, ती त्याच कुंपणापलीकडच्या खोल कड्यावरून खाली जाते. मघाशी जमीन होती तिथे कडा कुठून आला? केबिनमध्ये आम्ही यावर बोलायचो. खाली मात्र चिटपाखरू हलत नसे, कारण गाडीत लहान मुलगा अडकलेला होता. शेवटी तर चित्रपट आपलाच नियम मोडतो. आधी टी-रेक्स येण्याच्या कितीतरी आधी ग्लासातलं पाणी थरथरतं. शेवटी तोच अजस्र प्राणी इमारतीच्या आत येऊन उभा राहतो, तोवर कुणाला चाहूल नाही. त्या क्षणी स्टॉलमधून शिट्ट्या यायच्या. मुलं वाचावीत अशी सगळ्या सभागृहाची इच्छा होती आणि चित्रपटाने ती पुरी केली. त्या इच्छेपुढे पायांचा आवाज कुणाला आठवणार?

१९३३ चा ‘किंग काँग’ तर मधलं सगळं गाळूनच टाकतो. बेटावर काँग बेशुद्ध पडतो आणि पुढे तो थेट न्यूयॉर्कच्या रंगमंचावर साखळदंडात दिसतो. एवढं धूड जहाजावर चढवलं कसं, वाटेत त्याला खायला काय दिलं, काही दाखवत नाहीत. गरजही नाही. त्याला विकून पैसा करायचा, हा एका माणसाचा हव्यास आपल्याला आधीच कळलेला असतो.

आता उलट उदाहरण. १९९८ साली हॉलिवूडने आपला गॉडझिला काढला. त्याचा आकार सोयीप्रमाणे बदलतो. कधी तो इमारतींएवढा, कधी न्यूयॉर्कच्या भुयारांतून वाट काढणारा. एवढ्यावर लोक चिडले नसते. पण हा गॉडझिला क्षेपणास्त्रांपासून पळतो आणि शेवटी त्यांनीच मरतो. माणसाची नेहमीची शस्त्रं ज्याच्यापुढे निरुपयोगी, तो गॉडझिला, ही त्याची ओळखच त्यांनी काढून घेतली. जपानच्या तोहो कंपनीने पुढे या प्राण्याला ‘झिला’ असं वेगळं नाव दिलं आणि २००४ च्या आपल्या चित्रपटात खऱ्या गॉडझिलाकडून त्याला सिडनीत मार खायला लावला. प्रेक्षकाने वजन माफ केलं, उंचीही माफ केली. स्वभाव बदलला तेव्हा नातं तुटलं.

मूळ १९५४ चा चित्रपट आठवावा. त्या वर्षी १ मार्चला अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. ‘लकी ड्रॅगन’ या जपानी मासेमारी बोटीवरच्या २३ जणांवर किरणोत्सारी राख पडली. त्यांच्यातला एक जण सप्टेंबरात दगावला. नोव्हेंबरात इशिरो होंडांचा ‘गॉडझिला’ पडद्यावर आला. रबरी पोशाखात माणूस आहे हे दिसतं, खेळण्यातलं टोकियो मोडतंय हेही दिसतं. पण त्यातला शास्त्रज्ञ सेरिझावा मनाला भिडतो. गॉडझिलाला मारू शकेल असं अस्त्र त्याच्याकडे आहे. ते एकदा वापरलं की सगळी राष्ट्रं त्याच्यामागे लागतील, हे त्याला कळतं. म्हणून तो कागद जाळतो आणि अस्त्र वापरताना स्वतःही समुद्रतळाशीच राहतो, कारण गुपित त्याच्या डोक्यातही उरता कामा नये. पाण्यातला प्राणवायू नष्ट करणारं ते यंत्र शास्त्राला पटणारं नाही. सेरिझावाचा निर्णय मात्र जपानमध्येही पटतो आणि कल्याणमध्येही.

आपल्या गावाकडे येतो. २६ जानेवारी २०२२ ला आदित्य सरपोतदारांचा ‘झोंबिवली’ लागला. राज्यात तेव्हा करोनामुळे थिएटरं निम्म्या क्षमतेने चालत होती, एक खुर्ची सोडून बसायचं होतं. मराठीत झॉम्बी, आणि तेही डोंबिवलीत! अमेय वाघने केलेला सुधीर गरोदर बायकोला घेऊन नव्या टॉवरमध्ये राहायला येतो. शेजारी जनता नगर ही वस्ती. पाण्यावरून दोघांत तेढ, आणि जी आपत्ती येते तिचं मूळही पाण्यातच. मेलेला माणूस उठून चावायला लागतो हे कुठल्या वैद्यकात बसतं? पण आम्हा डोंबिवलीकरांना तो भाग पटायला अवघड गेला नाही. एमआयडीसीच्या शेजारी आम्ही २०१४ साली हिरव्या पावसाच्या बातम्या ऐकल्या, २०२० साली गुलाबी झालेला रस्ता पाहिला. २०१६ च्या कारखान्यातल्या स्फोटाने घराघरांच्या काचा फुटल्या. नळाला पाणी किती वाजता येणार यावर आमच्या कितीतरी घरांचा दिवस ठरतो. पाण्यातून काहीतरी भयंकर आपल्यापर्यंत पोहोचेल, ही भीती चित्रपटाने आमच्यात पेरली नाही, ती आधीच होती. त्यामुळे लेखकाला अर्धीच गोष्ट सांगावी लागली.

मी ‘झोंबिवली’ पाहिला त्या खेळाला मागच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी शेजाऱ्याला विचारलं, ‘‘अहो, एवढं होतंय आणि शेजारच्या ठाकुर्लीला पत्ता नाही?’’ प्रश्न रास्त होता. शेजारी म्हणाले, ‘‘बघू, आधी ती बाई सुटू दे.’’ मला त्या उत्तरात सगळं सापडलं. शंका होती, पण गरोदर बाईची काळजी शंकेहून मोठी होती. चित्रपटाने ती काळजी कमावली होती, म्हणून त्याला सवलत मिळाली. सवलत फुकट मिळत नाही.

नियम घट्ट ठेवणं म्हणजे काय, ते ‘तुंबाड’मध्ये बघावं. राही अनिल बर्वे यांचा हा चित्रपट १२ ऑक्टोबर २०१८ ला आला. बीज नारायण धारपांच्या भयकथेचं, नाव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीवरून. यातला हस्तर सोनं मिळालेला पण अन्नाला मुकलेला देव. म्हणून तो कायम भुकेला, म्हणून कणकेच्या बाहुलीला भुलणारा, आणि तो बाहुलीत गुंतलेला असताना मोहरा पळवायच्या. सगळं एकाच भुकेतून निघतं. शेवटी बाप आणि मुलगा पुष्कळ बाहुल्या घेऊन जातात, आणि खाली पुष्कळ हस्तर उतरतात. एकाचे इतके कसे झाले, याचा खुलासा नाही. तरी ते दृश्य बघताना श्वास अडकतो. जितका हव्यास तितकं संकट, हे चित्रपट पहिल्यापासून सांगत आलेला आहे आणि बापाचा हव्यास मुलात उतरणार हेही. २०२४ च्या सप्टेंबरात ‘तुंबाड’ पुन्हा लागला आणि पहिल्या खेपेपेक्षा जास्त चालला. सगळी रहस्यं माहीत असलेले लोक पुन्हा तिकीट काढून आले, ते त्या घट्ट विणीसाठी.

त्याच वर्षी जूनमध्ये सरपोतदारांचा हिंदी ‘मुंज्या’ आला आणि शंभर कोटींच्या पुढे गेला. माझी भाची ठाण्यात वाढलेली, पिंपळावरचा मुंजा तिने कधी ऐकलेला नव्हता. बाहेर पडताना म्हणाली, ‘‘मामा, इतकी वर्षं झाली, तो अजून तसाच कसा? मोठा का होत नाही?’’ मी म्हटलं, ‘‘अगं, मुंज झाली आणि सोडमुंज व्हायच्या आत गेला तो. अडकला तिथेच. पोराचा हट्ट सुटला असता तर तो भूत कशाला झाला असता?’’ तिला जे भोक वाटलं तोच त्या गोष्टीचा खांब होता. आपल्या भुतांना असे जुने, पक्के नियम आहेत. मुंजा, खवीस, वेताळ, हडळ, प्रत्येकाची जागा ठरलेली आणि मागणं ठरलेलं. परदेशी राक्षसाला हे सगळं नव्याने रचावं लागतं. आपल्याला ते आजीकडून मिळालेलं आहे.

मग एवढे पैसे ओतूनही मोठ्या चित्रपटांत भोकं का राहतात? कारण पैसा बहुधा गोष्टीच्या पुढे धावतो. प्रदर्शनाची तारीख आधी ठरते. राक्षसाच्या मारामारीची दृश्यं संगणकावर बनायला महिने लागतात, म्हणून ती आधी सोपवली जातात, आणि पटकथा नंतर त्या दृश्यांना जोडत बसते. लांबी कमी करताना कात्री माणसांच्या दृश्यांवर चालते, कारण राक्षसाचा प्रत्येक सेकंद महाग असतो. नेमका तो ‘का’ तिथेच कापला जातो. २०१३ चा झॉम्बीपट ‘वर्ल्ड वॉर झेड’ या कचाट्यातून सुटला, कारण निर्मात्यांनी वेळेवर हिंमत दाखवली. मॉस्कोतल्या प्रचंड लढाईचा शेवट त्यांनी बाजूला ठेवला, नवे लेखक बोलावले, प्रदर्शन लांबवलं आणि एका शांत प्रयोगशाळेत, मोजक्या माणसांवर चित्रपट संपवला. हजारो झॉम्बींपेक्षा काचेपलीकडचा एक झॉम्बी जास्त भीती घालतो. १९७५ च्या ‘जॉज’मध्ये यांत्रिक शार्क सतत बिघडायचा, म्हणून तो कमी दाखवला गेला आणि दिग्दर्शकाचं लक्ष बोटीवरच्या तीन माणसांकडे गेलं. चित्रपट त्या तिघांनीच तोलला.

मराठी दिग्दर्शकांच्या हाती आता मोठे राक्षस आणि मोठी रक्कम आलेली आहे, याचा मला मनापासून आनंद होतो. त्यांच्याकडे एकच मागणं. पटकथा हाती आली की राक्षसाचं एकेक दृश्य काढून ठेवा आणि उरलेली माणसं वाचा. त्यांना काय हवंय, कशाची भीती वाटते, कशासाठी ती जीव धोक्यात घालतात, एवढं कळत असेल तर खुशाल शंभर मीटरचा राक्षस आणा, ठाण्याच्या खाडीतून बाहेर काढा. त्याच्या हाडांचा हिशेब कुणी मागणार नाही. पण शिकली-सवरलेली माणसं केवळ पुढचं दृश्य घडावं म्हणून अंधाऱ्या भुयारात एकटी शिरणार असतील, आई मुलाला विसरणार असेल, तर जगातला सगळ्यात महागडा राक्षससुद्धा ती गोष्ट उचलून धरू शकत नाही. दोनशे रुपयांचं तिकीट काढून, लोकलच्या गर्दीतून घरच्यांना घेऊन येणारा माणूस विश्वास ठेवायला तयार होऊनच खुर्चीत बसतो. त्याच्या विश्वासाची किंमत स्पेशल इफेक्ट्सच्या बिलाहून जास्त धरा, आणि पटकथेला आणखी सहा महिने द्या.