मिश्रण आणि संयुग यांतील भेद

पेरणीच्या वेळी दोन-तीन खते एकत्र कालवून देण्याची पद्धत सोयीची आहे. तीमुळे वेळ व मजुरी वाचते. परंतु कोणते पदार्थ एकत्र करावेत व कोणते करू नयेत, हे कळण्यासाठी मिश्रण आणि संयुग यांतील भेद ध्यानी घेणे अवश्य आहे.

मीठ व वाळू एकत्र केल्यास त्यांचे मिश्रण होते. प्रमाण कितीही असो, दोहोंचे गुण कायम राहतात. पाणी घालून गाळल्यास वाळू फडक्यावर राहते आणि गाळलेले पाणी आटविल्यावर मीठ परत मिळते. संयुगाचे तसे नाही. त्यात मूलद्रव्यांचा संयोग वजनाच्या ठराविक प्रमाणातच होतो व त्यांचे मूळ गुण उरत नाहीत. हायड्रोजन हा जळणारा वायू आहे व ऑक्सिजन ज्वलनास साहाय्य करतो. परंतु १ भाग हायड्रोजन व ८ भाग ऑक्सिजन यांच्या संयोगाने झालेले पाणी आग विझविते.

अमोनियम सल्फेट हे असेच एक संयुग होय. त्याच्या १०० भागांत नत्राचे सुमारे २१ भाग असतात. ते पेरणीच्या वेळी सुपर फॉस्फेटबरोबर कालविल्यास नत्र वाया जात नाही. मात्र तेच खत चुन्यात मिसळले, तर रासायनिक क्रिया घडून अमोनिया वायू सुटतो व त्याबरोबर नत्र हवेत उडून जाते. ओलाव्याने ही क्रिया झपाट्याने होते. मातीच्या पणतीत चिमूटभर अमोनियम सल्फेट व थोडा ओला चुना काडीने ढवळून पाहावा. नाकास झोंबणारा जो दर्प येतो, तो विकत घेतलेल्या नत्राच्या नाशाचाच होय. लाकडाच्या राखेनेही अशीच हानी होते. कोकणातील आम्ल जमिनीस चुना द्यावयाचा असल्यास तो खतापूर्वी दोन-तीन आठवडे द्यावा.

याउलट, बोर्डो मिश्रणात क्रिया घडणेच इष्ट असते. नाव मिश्रणाचे असले, तरी मोरचूद व चुना यांपासून ताम्रयुक्त नवे संयुग तयार होते. मोरचूद मोकळे राहिल्यास पाने करपतात. यासाठी फवारणीपूर्वी घासून स्वच्छ केलेली लोखंडी सुरी त्यात क्षणभर बुडवावी. तिच्यावर तांबूस थर बसल्यास आणखी चुन्याची निवळी घालून पुन्हा परीक्षा करावी.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हे दोन्ही प्रयोग हंगामापूर्वी शेतकऱ्यांसमोर करून दाखवावेत.