भाषेचा वर्ग (लेखांक ६) : एकाच पाटीखालची निराळी मुलं

गेल्या आठवड्यात भाषाशिक्षकाच्या तयारीविषयी लिहिलं होतं. वाचन दांडगं हवं, उच्चार स्वच्छ हवेत, व्याकरण पक्कं हवं. पण हे सगळं असलेल्या गुरुजींचा वर्ग मुका राहतो आणि बेताच्या तयारीच्या बाईंच्या वर्गात पोरं भडाभडा बोलतात, असंही होतं. हा फरक कशाने पडतो, ते समजून घ्यायला जुन्नर-आंबेगावसारखा मुलूख नाही. इथे ‘मराठी माध्यम’ या एकाच पाटीखाली फार निराळी मुलं बसलेली असतात.

पश्चिमेला आहुपे, तिरपाड किंवा घाटघर, अंजनावळ्याच्या बाजूला महादेव कोळी आणि ठाकर घरांतली मुलं. भाताची आवणी, राब भाजणं, हिरडा गोळा करणं यातलं त्यांना शिक्षकांपेक्षा जास्त कळतं आणि सांगताही येतं. पूर्वेला बागायत. विघ्नहर आणि भीमाशंकर या कारखान्यांचा गाळप हंगाम लागला की मराठवाडा-खानदेशातून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, कोप्या उभ्या राहतात. आईबाप फडात आणि मूल, नशीब असेल तर, जवळच्या जिल्हा परिषद शाळेत. दिवाळीनंतर आलेलं हे मूल परीक्षेच्या आधीच निघूनही जातं. त्याच्या घरी अहिराणी असेल, बंजारा असेल. शेजारच्या बाकावर हिंदी बोलणाऱ्या मजुराची मुलगी असेल.

आता प्रश्न असा, की यातलं अवघड मूल कोणतं? सगळे बोट दाखवतात ते कोपीतल्या मुलाकडे. पण त्याला मराठी कमी येतं हे निदान दिसतं तरी, म्हणून कुणीतरी त्याला समजावून घेतं. डोंगरातल्या मुलाचं दुखणं दिसतच नाही. त्याची बोली पुस्तकी मराठीच्या इतकी जवळची, की शाळा तिला बोली न म्हणता चूक म्हणते. चौथीपर्यंत लाल शेरे खाऊन ते मूल एक गोष्ट पक्की शिकतं : गप्प बसलेलं बरं.

कॅनडातले भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी 1979 मध्ये एक भेद मांडला. रोजच्या गप्पांची भाषा वेगळी आणि अभ्यासाची वेगळी. नव्या भाषेत गप्पा मारायला मूल साधारण दोन वर्षांत लागतं. त्याच भाषेतला धडा वर्गमित्रांच्या बरोबरीने समजायला पाच ते सात वर्षं लागू शकतात. दुकानात घासाघीस करणारी पोरगी ‘बाष्पीभवनाची कारणे लिहा’ या वाक्यापाशी अडते, ती यामुळे. आपण तिला आळशी ठरवून मोकळे होतो. माझ्या मते, बोलणं येतं म्हणून भाषा आली असं धरून न चालणारा शिक्षक निम्मी लढाई तिथेच जिंकतो.

चुका सुधारण्याचंही तसंच. रॉय लिस्टर आणि लीला रांता यांनी कॅनडातल्या फ्रेंच माध्यमाच्या वर्गांचं निरीक्षण करून 1997 मध्ये लिहिलं, की शिक्षक बहुतेक वेळा मुलाचं वाक्य स्वतःच दुरुस्त करून म्हणतात आणि मूल ते ऐकून सोडून देतं. जिथे शिक्षक नुसतं सुचवतो, ‘परत सांग बरं’ म्हणतो, तिथे मूल स्वतः चूक दुरुस्त करतं. पण हे सगळ्यांना सारखं लागू नाही. नुकत्याच आलेल्या ऊसतोडीच्या मुलाला योग्य वाक्य ऐकवत राहणंच बरं. त्याच्याकडे दुरुस्तीला अजून सामान नाही. डोंगरातल्या मुलासाठी फळ्याचे दोन भाग करावेत, एका बाजूला घरचं वाक्य, दुसऱ्या बाजूला पुस्तकातलं, आणि पहिलं पुसू नये.

प्रशिक्षणांत अजूनही मुलांची ‘डोळ्यांनी शिकणारी’ आणि ‘कानांनी शिकणारी’ अशी वाटणी होते. 2008 मध्ये हॅरॉल्ड पॅश्लर आणि सहकाऱ्यांनी या कल्पनेचा आढावा घेतला, तेव्हा त्या वाटणीप्रमाणे शिकवण्याला पुरेसा आधार सापडला नाही. त्या वाटणीचा तक्ता वर्गाच्या भिंतीवर असेल, तर खुशाल काढावा. मुलांमधले खरे फरक घरच्या भाषेचे, शाळेत मिळालेल्या महिन्यांचे आणि भीतीचे असतात. चांगला शिक्षक मूल वर्गात येताच विचारून घेतो : घरी कोण काय बोलतं, याआधी किती शाळा झाल्या, कधी जाणार?

आणि तो थांबतो. अमेरिकेतल्या मेरी बड रो यांनी विज्ञानाच्या तासांत मोजलं, तर प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद वाट पाहत. तीन सेकंद थांबल्यावर उत्तरं लांबली आणि एरवी न बोलणारी मुलं बोलू लागली. मनातलं वाक्य बोलीतून पुस्तकी मराठीत आणणाऱ्या मुलाला तर हा अवधी हवाच.

पुढच्या लेखांकात पहिलीपासूनच्या इंग्रजीबद्दल. तोवर शिक्षक वाचकांनी उद्याच्या एका तासाला प्रश्न विचारून मनात तीन अंक मोजावेत आणि कोण बोललं, ते कळवावं.